भर उन्हाळ्यात साताऱ्याच्या सड्यांवर एकट्याने चालताना : एका दिवसाचे नियोजन

एप्रिलच्या उत्तरार्धात साताऱ्यात पारा ३८ ते ४० अंशांच्या घरात जातो आणि दुपारचे ऊन मी म्हणू लागते. तरीही सुट्टी मिळते ती याच दिवसांत, त्यामुळे सज्जनगडाच्या मागून ठोसेघर, चाळकेवाडी आणि पुढे पाटण तालुक्यातील वनकुसवडे-सडावाघापूरच्या पठारांकडे, म्हणजेच सड्यांकडे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन-तीन दिवस एकट्याने जाणारे असतातच. त्यांना अडवण्याचा या लेखाचा हेतू नाही. उन्हाळ्यातील अशा वाटचालीचा एक संपूर्ण दिवस कसा आखावा आणि कसा पार पाडावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. उन्हाचा तडाखा बसतो तेव्हा पाय थकण्याच्या आधी विचारशक्ती मंदावते. सोबत कोणी असेल तर तो आपल्या बोलण्यातील असंबद्धपणा किंवा चालण्यातील झोल ओळखतो आणि आपल्याला सावलीत बसवतो. एकट्या माणसाला मात्र आपले डोके ठिकाणावर नाही हे त्याच बिघडलेल्या डोक्याने ओळखायचे असते, आणि ते बहुधा जमत नाही. म्हणून कुठे थांबायचे, किती वाजता थांबायचे, किती पाणी उरले की मागे फिरायचे हे निर्णय आदल्या रात्री, पोटभर जेवून शांत बसलेले असताना घ्यावेत, ते कागदावर लिहावेत आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांच्याशी वाद घालू नये.

वाटेची निवड

सातारा जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पावसाचे मान झपाट्याने उतरते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावच्या पट्ट्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. उन्हाळी वाटेची निवड या एका गोष्टीवर ठरते. पूर्वेकडील वर्धनगड, महिमानगड, भूषणगड यांच्या परिसरात झाडोरा विरळ आहे, डोंगर उघडेबोडके आहेत आणि टाक्यांतील पाण्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्या बाजूची लांब पल्ल्याची चाल हिवाळ्यासाठी राखून ठेवावी. पश्चिमेला जावळी आणि कोयनेच्या खोऱ्यात गर्द सावली आहे, परंतु तो भाग कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वासोट्याच्या किल्ल्यावर जाण्यासाठी बामणोलीहून वन विभागाची परवानगी लागते आणि तेथे मुक्काम करता येत नाही. गवा आणि अस्वल यांचा वावर असलेल्या त्या रानात एकट्याने चोरवाटेने शिरणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही आहे.

राहतात ते मधले सडे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असलेली ही जांभ्या दगडाची पठारे साताऱ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतात, पवनचक्क्यांसाठी केलेले रस्ते जवळून जातात आणि दोन्ही अंगांना वाड्या-वस्त्या आहेत. एकट्या माणसाने उन्हाळ्यात याच भागाला पसंती द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशावर वाट आखताना दर दोन तासांच्या चालीवर खाली एखाद्या गावात उतरणारी वाट असलीच पाहिजे, आणि ती कोणत्या सोंडेवरून उतरते हे आधीच हेरून ठेवावे. उतरण्याची सोय नसलेला टप्पा कितीही देखणा असला तरी तो उन्हाळ्यातील एकट्या वाटेत धरू नये.

या सड्यांचा एक फसवा गुणही सांगितला पाहिजे. वर सतत वारा असतो, घाम सुटल्याबरोबर वाळतो आणि आपण घामेजलेलो नाही, अर्थात पाणी कमी लागत आहे, असा भ्रम होतो. सदऱ्याच्या पाठीवर आणि सॅकच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसल्या की शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज येतो.

पाणी

तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेला माणूस डोंगरात फार दूर जात नाही. पाठीवर दहा-बारा किलोंचे ओझे घेऊन उन्हात चढ चढताना तासाला एक लिटरपर्यंत, प्रसंगी त्याहून जास्त घाम जातो. चालण्याचे सहा तास धरले, तासाला पाऊण लिटर पाणी धरले, दुपारच्या विश्रांतीसाठी एक लिटर आणि रात्रीचा स्वयंपाक व पिणे यासाठी दीड लिटर धरले, तर दिवसाला सात लिटर लागतात. सात लिटर म्हणजे सात किलो. एवढे वजन सकाळीच पाठीवर घेणे कठीण असल्याने दोन खात्रीच्या पाणवठ्यांमधील अंतरापुरते पाणी, आणि त्यावर एक राखीव लिटर, असा हिशेब ठेवावा. राखीव लिटर वेगळ्या बाटलीत, सॅकच्या तळाशी असावा. तो उघडण्याची वेळ आली की पुढची वाट सोडून सर्वांत जवळच्या वस्तीकडे उतरायचे, हा लिहून ठेवण्याचा पहिला नियम.

पाणवठा खात्रीचा आहे हे ठरवायचे कसे? जुन्या माहितीवर विसंबू नये. हिवाळ्यात काठोकाठ भरलेले टाके एप्रिलमध्ये तळाला चिखल दाखवत असते. सड्यावरचे पाणी शोधताना जांभ्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा. हा दगड सच्छिद्र आहे, त्यामुळे पावसाचे पाणी त्यातून खाली मुरते आणि खालच्या चिकट मातीच्या किंवा काळ्या कातळाच्या थरावर अडून पठाराच्या कडेला बाहेर पडते. म्हणून उन्हाळ्यात पाणी माथ्यावर शोधण्यापेक्षा कड्याच्या किंचित खाली, जेथे इतर उतार पिवळा पडलेला असूनही झाडांचा एखादा हिरवा पुंजका किंवा देवराई टिकून आहे तेथे शोधावे. धनगरवाडे बहुधा अशाच जागा धरून वसलेले आढळतात. रुळलेली ढोरवाटही कधी पाण्याकडे नेते, परंतु अशा वाटा चराऊ रानात शिरून नाहीशाही होतात, तेव्हा केवळ तिच्या भरवशावर अर्धा किलोमीटरसुद्धा उतरू नये.

सर्वांत भरवशाची माहिती रोज पाणी भरणाऱ्या बाईकडून मिळते. तिला नुसते "पाणी आहे का?" असे विचारू नये, कारण उत्तर "हाय की" असे येते आणि ते खरेही असते. किती वेळात भांडे भरते हे विचारावे. "मावशी, झऱ्याला धार कशी आहे?" असे विचारले की "धार कुठली रं बाबा, झिरपा हाय. हंडा भराया तास लागतोय" असे नेमके उत्तर मिळते. या एका वाक्यातून दोन गोष्टी कळतात. आपल्याला पाच लिटर घेण्यासाठी बराच वेळ थांबावे लागेल, आणि तेवढा वेळ त्या वाडीतील कोणाचा तरी हंडा रिकामा राहील. अशा ठिकाणी विचारल्याशिवाय बाटली लावू नये, झऱ्याच्या तोंडाशी हातपाय धुऊ नयेत आणि शक्य असल्यास खालच्या मोठ्या गावातून पाणी भरून आणण्याच्या बेताने वाट आखावी.

टाक्याचे पाणी घेताना आधी काठावर ओणवे होऊन नीट पाहावे. पृष्ठभागावर धूळ, पाने किंवा पाणनिवळ्या असतील तर घाबरण्याचे कारण नाही. पाण्यावर हिरवट-निळसर साय धरलेली असेल, कुजकट वास येत असेल किंवा मेलेला प्राणी दिसत असेल, तर ते पाणी पिण्यासाठी सोडून द्यावे. चांगले वाटलेले पाणी काठावरून न घेता बाटलीला दोरी बांधून मधून, वरच्या थराखालून काढावे, चौपदरी पंचातून गाळावे आणि त्यात क्लोरिनची गोळी किंवा थेंब टाकून किमान अर्धा तास थांबावे. उकळायचे असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, परंतु इंधन आणि वेळ पाहता दिवसा क्लोरिन सोयीचे पडते. गाळण्याआधीच्या आणि शुद्ध केलेल्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून एकीच्या गळ्याला दोरा बांधावा.

पिण्याची रीतही महत्त्वाची आहे. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी घ्यावे. तासनतास कोरडे चालून एकदम लिटरभर रिचवू नये. तासाला दीड लिटरच्या वर पाणी पिणेही टाळावे. घामाबरोबर मीठ जाते, आणि त्याची भरपाई न करता नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, मळमळ आणि भ्रम होऊ शकतो. ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्याने माणूस आणखी पाणी पितो आणि अवस्था बिकट होते. लिटरभर पाण्यात विरघळवायची ओआरएसची पुडी मिळते, तशा दिवसाला दोन सोबत ठेवाव्यात. ती नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चालते. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अंदाजाने वाढवू नये. वाडीवर ताक मिळाले तर ते मीठ घालून अवश्य घ्यावे.

दिवसाची आखणी

साताऱ्यात एप्रिलअखेर सूर्य सव्वासहाच्या आतबाहेर उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. तांबडे फुटताना सामान आवरून तयार असावे आणि पायाखालचे स्पष्ट दिसू लागताच निघावे. त्याआधी अंधारात चालण्याचा मोह होतो. गाडीरस्ता असेल तर हेडटॉर्च लावून तासभर चालण्यास हरकत नाही, परंतु झाडीतून जाणाऱ्या पाऊलवाटेवर त्या वेळी जनावरांचा वावर असतो आणि दगडांच्या सांदीत फुरसे असू शकते.

दिवसातील मोठा चढ कासराभर दिवस वर येईपर्यंत संपवावा. वेळेचा अंदाज बांधताना सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा, हा स्कॉटलंडच्या नेस्मिथ यांचा जुना ठोकताळा गिर्यारोहक वापरतात. उन्हाळ्यात ओझ्यासह चालताना येणाऱ्या वेळेत निम्म्याने भर घालावी. सकाळी सहा ते दहा हे चार तास आणि दुपारी साडेचार ते साडेसहा हे दोन तास, एवढीच चाल. मधल्या काळात चालायचे नाही, हा दुसरा लिखित नियम. सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, पण हवा सर्वांत तापते ती अडीच ते चारच्या दरम्यान, त्यामुळे ऊन कलल्यासारखे वाटताच उठण्याची घाई करू नये.

दुपारची सावली कोठे आहे, ही बाब पाण्याइतकीच आधी ठरलेली असावी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य मध्यान्ही अगदी माथ्यावर येतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडेही सावली पायाशी गोळा होते. कड्याच्या पायथ्याला सकाळी मिळालेली पश्चिमेकडील सावली त्या वेळी उरत नाही. कातळातील गुहा, देऊळ, दाट आंब्या-जांभळाची राई किंवा शाळेचा व्हरांडा यांपैकी काहीतरी हवे. नांदगिरीजवळच्या कल्याणगडावर कातळात कोरलेली, आत पाणी असलेली गुहा आहे. त्या बाजूने चालणाऱ्याने दुपार तिच्या तोंडाशी काढण्याचा बेत करावा. गुहेत किंवा कड्याखाली बसण्यापूर्वी वर मान करून आग्या मोहोळ नाही ना हे पाहावे. मोहोळ दिसल्यास तेथे धूर करू नये, चूल पेटवू नये, मोठ्याने बोलू नये आणि जागा सोडावी. पवनचक्कीच्या खांबाची सावली अरुंद असते, तापलेल्या जमिनीवर पडते आणि सतत सरकते. तिच्यावर दुपार निघत नाही.

विश्रांतीत बूट-मोजे काढून पाय मोकळे करावेत, ओले मोजे सॅकवर वाळत टाकून कोरडे चढवावेत आणि टाचेवर कोठे चुरचुरत असेल तर फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावावी. तापलेला जांभा तळव्यांना भाजतो आणि घामेजलेल्या मोज्यात फोड लवकर येतात.

ओझे, कपडे, शिदोरी

उन्हाळ्यात वजन कमी करण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे पांघरूण. जाड स्लीपिंग बॅगऐवजी चादर आणि पातळ जर्किन पुरते, आणि वाचलेल्या वजनात पाणी येते. कपडे सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. टोपी चहूबाजूंनी रुंद कड असलेली हवी. तिच्याखाली मानेवर ओला पंचा सोडला की बाष्पीभवनाने बराच थंडावा मिळतो. वारा नसलेल्या उतारावर फिकट रंगाची छत्री उपयोगी पडते, सड्यावर ती उलटते.

शिदोरीला साधी पोळी-भाजी नेऊ नये, ती दुपारपर्यंत आंबते. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, भाजलेले फुटाणे आणि लिंबू हे टिकते. उन्हात भूक मरते, म्हणून एकदम जेवण्यापेक्षा थोडे थोडे खारट-गोड खात राहावे. सातूचे पीठ थंड पाण्यात गुळाबरोबर कालवले की चूल न पेटवता दुपार भागते.

शरीराच्या खुणा

शरीराला उन्हाची सवय होण्यास सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. पंखा किंवा वातानुकूलित खोलीत वर्ष काढलेल्या माणसाने निघण्याच्या आधी तेवढे दिवस रोज तासभर उन्हात चालावे आणि प्रवासाचा पहिला दिवस निम्म्या अंतराचा ठेवावा. आदल्या रात्री मद्य घेतलेले असेल, झोप झालेली नसेल, ताप किंवा जुलाब होऊन गेलेले असतील, तर निघूच नये. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा ॲलर्जीची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे, कारण त्यांतील काही औषधांनी उन्हाचा धोका वाढतो.

चालताना प्रत्येक थांब्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. लघवी गडद पिवळी असेल किंवा चार तासांत झालीच नसेल, तर पाणी कमी पडते आहे. सावलीत बसल्यावर मिनिटभराने नाडी ११० च्या वर असेल, तर पुढील टप्पा एक तृतीयांशाने कमी करावा. तिसरी तपासणी डोक्याची. सतराचा पाढा मोठ्याने म्हणून पाहावा. तो अडखळला किंवा म्हणण्याचीच चिडचिड होऊ लागली, तर चाल थांबवावी. पाढा सुरळीत आला म्हणजे सर्व ठीक आहे असे मात्र समजू नये, कारण डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे येणे, मळमळ, भर उन्हात अंगावर शहारा येणे यांपैकी एकही खूण थांबण्यास पुरेशी आहे.

थांबायचे म्हणजे सावलीत आडवे व्हायचे, पाय सॅकवर उंच ठेवायचे, कपडे सैल करून ओले करायचे, टोपीने वारा घ्यायचा आणि ओआरएस घोट घोट प्यायचे. मान, काखा आणि जांघा यांवर ओले फडके ठेवल्याने शरीर लवकर निवते. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्या दिवशी पुढे चढू नये. बरे वाटले नाही, उलटी होऊ लागली किंवा तोल जाऊ लागला, तर संकोच न करता १०८ किंवा ११२ वर फोन करावा आणि जवळच्या वाडीचे नाव सांगावे. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असतानाही शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणूनच फोन करण्याची वेळ शुद्ध हरपण्याच्या बरीच आधी येते.

फोन लागेलच असे नाही. शिट्टी गळ्यात असावी. मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा वाजवायचे, ही गिर्यारोहणातील मदतीची खूण आहे. घरी आणि शक्य असल्यास पायथ्याच्या गावच्या पोलीस पाटलांकडे वाट, मुक्काम आणि "या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर शोध घ्यावा" ही वेळ लिहून द्यावी. मोबाईल विमान मोडवर, सॅकच्या आत, उन्हापासून दूर ठेवावा.

वळीव आणि वणवा

एप्रिल-मेमध्ये कोंडलेल्या दुपारनंतर वळवाचे ढग घाट माथ्यावर जमतात. उघड्या सड्यावर त्या वेळी आपणच सर्वांत उंच असतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पठार सोडून खालच्या पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकटे झाड आणि पवनचक्कीचा पायथा या दोन्ही जागा टाळाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावे.

वाळल्या गवताला वणवा लागला तर तो चढाकडे वेगाने धावतो, म्हणून त्याच्यापुढे चढत पळू नये. आडवे जाऊन उघडा कातळ, रस्ता किंवा आधीच जळून काळा पडलेला पट्टा गाठावा. आपली चूल गवतात पेटवू नये हे वेगळे सांगायला नको.

मुक्काम

अंधारापूर्वी अर्धा तास मुक्काम गाठावा. शक्य तो वाडीलगतचे देऊळ किंवा शाळेचे आवार परवानगी घेऊन वापरावे. ओढ्याच्या पाणवठ्यावर मात्र तळ ठोकू नये, कारण रात्री जनावरांची पाण्याची ती एकच जागा असते. पोहोचल्यावर प्रथम घरी निरोप द्यावा, मग पुढील दोन तासांत सावकाश दीड-दोन लिटर पाणी व पातळ खारट खाणे, म्हणजे खिचडी, कढी किंवा पिठले, पोटात जावे. झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचा कागद लिहावा. पहिला पाणवठा, दुपारची सावली, उतरण्याच्या वाटा आणि मागे फिरण्याची वेळ त्यावर असावी. सकाळी उठल्यावर लघवी अजून गडद असेल, डोके जड असेल किंवा बसलेली नाडी नेहमीपेक्षा वेगाने चालत असेल, तर तो कागद घडी करून ठेवावा, दिवसभर सावलीत राहावे किंवा खाली उतरून साताऱ्याची एसटी धरावी.